मी उठले, त्याचा फोटो

६ ऑक्टोबर, सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देते, उरले तर. आधी हे सांग, तो फोटो गोदीच्या गेटवर कुणी लावला? आणि लावायचा तर एवढा मोठा? माझं नाक घराच्या दाराएवढं झालंय त्यात. रोज सकाळी ताडपत्र्या शिवायला शेडवर जाताना मी माझ्याच खालून जाते आणि संध्याकाळी माझ्याच खालून परत येते. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

साहेब खुर्चीत ऐसपैस बसलेत. मी बाजूला वाकून उभी, हातात पाण्याचा पेला. खाली लिहिलंय, 'दोन देश, एक बंदर'. काल एक नवा मजूर वर बघत दुसऱ्याला विचारत होता, ही बाई कोण रे. दुसरा म्हणाला, "साहेबांच्या घरची कामवाली असेल." मी मागेच उभी होते. काही बोलले नाही. मी! बोलले नाही! तोंड वळवलं आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेले, चोरी केल्यासारखी.

फोन करणार होते. पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि मग मीटिंग आली म्हणतोस. म्हणून कागद घेतलाय. शेजारच्यांची सून कागदाचा फोटो काढून पाठवेल. चौथीतलं अक्षर आहे, लावून घे.

तुला सगळं माहीत आहे, पण तिकडे गोऱ्यांच्या देशात जाऊन माणसाची कातडी बदलते, म्हणून परत लिहिते. त्यांचं राज्य होतं तेव्हा आपल्या लोकांच्या पोटात अन्न नव्हतं आणि धान्य भरून त्यांची जहाजं निघत होती. हमालांनी पोती उचलायची नाहीत असं ठरवलं. त्याच गेटवर गोळ्या घातल्या त्यांनी. आपले आजोबा त्यात गेले. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, गाड्यांत घालून नेली. कुठे नेली ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. आजी मरेपर्यंत दाराला आतून कडी लावू देत नव्हती.

आता राज्य गेलं, भागीदारी आली. नवं बंदर दोघं मिळून बांधणार. चांगलं आहे, बांधा. त्याआधी त्यांचे म्हातारे साहेब माफी मागायला येणार म्हणाले. गेलेल्यांच्या घरच्यांना पुढच्या खुर्च्या. आदल्या संध्याकाळी सगळी घरं आपल्या ओसरीवर जमली होती. तूही होतास, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून आला होतास, निळा कोट घालून जमिनीवर मांडी घालून बसला होतास. काय ठरलं? साहेबांना एकच प्रश्न विचारायचा, आमची माणसं कुठे पुरलीत? आणि विचारणार कोण, तर मी. "ही तोंडाची फाटकी आहे, ही कुणाला घाबरत नाही," असं सगळे म्हणाले. मीही मान ताठ केली.

आणि मी काय केलं? साहेब समोर आले, हात जोडले, खाली वाकले. मी उठले, त्यांच्या कोपराला धरलं, माझ्या खुर्चीत बसवलं, बाजूचा पाण्याचा पेला हातात दिला. वर तोंडाने म्हणाले, "असू द्या, असू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईकवाला म्हणाला, कुटुंबांनी मोठ्या मनाने माफ केलं. झालं! कार्यक्रम संपला. प्रश्न माझ्या घशात तसाच राहिला, माशाच्या काट्यासारखा.

शेडमध्ये बाया आता मला 'खुर्चीवाली' म्हणतात. दाभण मागितलं तर म्हणतात, "आधी बस म्हण, मग देते." हसतात मेल्या. मीही हसते. घरी येऊन तोंड धुते तेव्हा आरशात बघत नाही.

तू त्याच बंदराच्या तिकडच्या ऑफिसात आहेस. तो फोटो उतरव.

ताई


१० ऑक्टोबर, शुक्रवार

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर छान लागतं, काळजी करू नकोस.

ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस. तू जे केलंस त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. इथे सगळे तुझं नाव काढतात. माझ्या वरच्या बाई तर म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने आम्हाला माणुसकी शिकवली." त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. तुझ्यामुळे.

जुनं राज्य, जुने साहेब हे सगळं गेलं आता. इथे मी त्यांच्याच टेबलाला बसतो, त्यांच्याइतकंच बोलतो. एक जण वर आणि एक जण खाली असं उरलेलं नाही. आपल्याकडे आलेल्या, वाकलेल्या म्हाताऱ्याला तू बसायला दिलंस. आपल्या आईने हेच शिकवलं ना? यात कामवालीसारखं काय आहे? अडाणी माणसं काहीही बोलतात.

फोटोचं म्हणशील तर ते माझ्या हातात नाही. प्रसिद्धीचं खातं वेगळं आहे. त्यांनी बरेच फोटो बघून हाच घेतला, कारण बाकीच्यांत तू फार रागावलेली दिसतेस, आणि एकात तर तोंड उघडं आहे, काहीतरी बोलायला निघाल्यासारखं. हा शांत आहे.

प्रश्नाचं मी विसरलेलो नाही. योग्य वेळी योग्य माणसाच्या कानावर घालीन. सध्या कराराचं काम नाजूक वळणावर आहे. गुडघ्याचं तेल लावतेस ना?

तुझा,
धाकटा


१४ ऑक्टोबर, मंगळवार

धाकट्या,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची. फोटो निवडणं तुझ्या हातात नाही, मग बाकीच्या फोटोंत मी कशी दिसते हे तुला कसं रे माहीत? एकात तोंड उघडं आहे म्हणे. उघडं असणारच! त्याच तोंडातून तो प्रश्न बाहेर येणार होता. तू तो फोटो बाजूला ठेवलास आणि पेल्याचा दिलास. मी अडाणी आहे, आंधळी नाही.

आणि माणुसकी शिकवली म्हणतात. त्यांना शिकायची होती तर गेटवर शिकायची होती.

आता ऐक, काय झालं ते. पलीकडची मावशी माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या घरावरून जायचे तर ती आत तोंड करून बसायची. काल मी सरळ आत शिरले. म्हटलं, "मावशी, शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण पाठ नको दाखवू."

ती म्हणाली, "पाठ न दाखवून काय करू? तुझ्यासमोर आलं की तू खुर्ची देशील."

धाकट्या, मला माहीत होतं तिचा बाप त्यात गेला. पण आजोबा गेले म्हणणं वेगळं आणि बाप गेला म्हणणं वेगळं. मी आजोबांना पाहिलेलं नाही. ती बापाच्या खांद्यावर बसून गोदीत गेलेली आहे. त्या गोळ्यांतल्यांचं सख्खं लेकरू आता ती एकटीच उरलीय.

म्हणाली, "मला ऐकू कमी येतं, आवाज फुटत नाही, म्हणून तुला तोंड आहे म्हणून पुढे केली. तू हात पुढे केलास. माझ्या बापाची माफी तू कशी काय दिलीस गं? कुणी दिली होती तुला ती द्यायला?"

मी म्हटलं, "मावशी, म्हातारा माणूस पडत होता."

"पडू द्यायचा. माझा बाप पडला तेव्हा कोण उठलं होतं?"

बसून राहिले तिच्या उंबऱ्यावर. तिच्या सुनेने चहा आणला तर मावशी म्हणाली, "हिला नको, हिला द्यायचीच सवय आहे." सून बिचारी कप घेऊन मधेच उभी.

खरं सांगते, तुलाच सांगते. तो पडत नव्हता. वाकत होता. माफी मागायला माणूस वाकतो तसा. आणि मला ते पडणं वाटलं, कारण असला माणूस आपल्यापुढे वाकताना आपल्या घरात कुणी कधी पाहिलाच नव्हता. आजी त्यांच्या बंगल्यात भांडी घासत होती, आई त्यांच्यानंतर आलेल्या आपल्याच साहेबांच्या घरी. गोरा गेला, काळा आला, पण साहेब आला की उठायचं हे काही गेलं नाही. मी कुणाला घाबरत नाही म्हणून फुशारकी मारायचे. मुकादमाला उभा आडवा घेते, बिल घेऊन येणाऱ्याला दारात रडवते. पण डोकं ताठ आणि हात लगेच चाकरीला. हात आधी उठला, धाकट्या. डोकं मागाहून पोचलं, तोवर पेला त्यांच्या हातात गेला होता.

तुला वाटतं मी त्या मजुराच्या बोलण्याने दुखावले. छे. तो मजूर खरं बोलला म्हणून दुखावले.

तू म्हणतोस त्यांच्या टेबलाला बसतोस. बस बाबा, जरूर बस. पण टेबलाला बसून नुसतं 'हो' म्हणायचं असेल तर उभा राहिलास तरी चालेल, पाय तरी मोकळे होतील. दोघे भागीदार कधीच भांडत नसतील तर त्यातला एक नोकर असतो. आपला मुकादम आणि त्याचा भाऊ दर आठवड्याला शेडमध्ये एकमेकांचा उद्धार करतात, पण शेड चालते.

तुझी 'योग्य वेळ' कधी येते ते मला माहीत आहे. इथे लोक म्हणतात, करार झाला की लगेच जुन्या धक्क्यामागची मोकळी जमीन खणायला घेणार. ती जमीन वर्षानुवर्षं तशीच पडलीय, कुणी तिच्यावर झोपडी बांधली नाही. का बांधली नाही हे मावशीला विचारलं तर ती म्हणते, "बाया बांधू देत नव्हत्या." आजीच्या वयाच्या बाया. त्यांना काय माहीत होतं, कुणी सांगून गेलं नाही. गाड्या तिकडे वळलेल्या दिसल्या असतील, एवढंच. खरं खोटं कोण सांगणार? खणून झाल्यावर कुणालाच सांगता येणार नाही.

तू माझ्याशी खोटं बोललास ते एकदा झालं. अजून काही लपवलं असशील तर आत्ताच काढ बाहेर. आपलं माणूस आहेस म्हणून सांगते. मला परक्यांची लाज सहन होते, आपल्या माणसाची होत नाही.

गुडघ्याचं तेल संपलंय. त्याचं तू बघू नकोस.

ताई


२३ ऑक्टोबर, गुरुवार

ती. ताई,

हे पत्र तीनदा फाडून परत लिहिलं. नमस्कार लिहायचीही लाज वाटते.

फोटो मीच निवडला. ऑफिसने सगळे फोटो माझ्याकडे पाठवले होते, 'तुमचे लोक आहेत, तुम्ही सांगा कुठला चांगला वाटेल.' मला वाटलं, माझ्या बहिणीला इथल्या लोकांनी भांडखोर समजू नये. म्हणून तो दिला. खरं म्हणजे मला कुणी काही समजू नये म्हणून दिला. कालच मी तो उतरवायला सांगितलाय, दोन दिवसांत निघेल. मनात होतं की तेवढं लिहून पत्र संपवावं.

पण तू लपवलेलं काढ म्हणालीस.

कार्यक्रम झाल्यावर म्हातारे साहेब आणि मी एकाच गाडीत होतो. त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी शिव्या खायच्या तयारीने आलो होतो. मला त्या हव्याही होत्या. बाईंनी मला बसवलं आणि मी बसलो. माझं भाषण अर्धं राहिलं आणि मला बरं वाटलं, सुटलो म्हणून. याची मला आता लाज वाटते." आणि मग त्यांनी मला सरळ विचारलं, "त्यांना काही विचारायचं होतं का? त्या उठल्या तेव्हा त्यांचं तोंड उघडलं होतं, मला दिसलं."

मी म्हणालो, "नाही. काही नव्हतं विचारायचं."

ताई, ते विचारत होते. आपणहून विचारत होते. आदल्या संध्याकाळी तुमच्या सगळ्यांबरोबर मी मांडी घालून बसलो होतो, मला प्रश्न पाठ होता. आणि मी नाही म्हणालो. पुढच्या सीटवर आपल्याकडचे बंदराचे मोठे अधिकारी बसले होते, त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. कुणी मला गप्प राहा म्हटलं नाही. मी स्वतःहूनच राहिलो. जागेचा प्रश्न निघाला की खणणं थांबणार, खणणं थांबलं की करार लांबणार, करार लांबला की दोन्हीकडचे माझ्याकडे बघणार, एवढं सगळं मी त्या एका क्षणात मोजलं. तुझा हात डोक्याआधी गेला. माझं डोकं नीट चालू होतं. तुझ्यात आणि माझ्यात हा फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

तुला लिहिलं ना, इथे मी त्यांच्याइतकंच बोलतो. बोलतो, पण त्यांना जे ऐकायचं असतं तेवढंच. मी दुभाषी आहे. कडक शब्द आला की तो माझ्याकडून मऊ होऊन पलीकडे जातो. दोन्हीकडून शाबासकी मिळते. आपल्याकडचे म्हणतात पोराने सांभाळून घेतलं, इकडचे म्हणतात याच्याशी बोलणं किती सोपं जातं.

करार परवा झाला. धक्क्यामागची जमीन सोमवारी ३ नोव्हेंबरला खणायला घेणार आहेत. उद्घाटनाला तेच म्हातारे साहेब येणार आहेत, मी त्यांच्याबरोबर येतोय. आम्ही रविवारी निघू.

मी काय करू ते कळत नाही. आता जाऊन सांगितलं की तेव्हा खोटं बोललो, तर ही नोकरी जाईल. घरात दोन लहान मुलं आहेत. तू म्हणशील ते करीन असं लिहावंसं वाटतं, पण तेही खोटं ठरेल की काय याची भीती वाटते. मावशीला माझं काही सांगू नकोस.

धाकटा


२७ ऑक्टोबर, सोमवार

धाकट्या,

मावशीला सांगितलं. तुझं पत्र तिच्या कानाशी मोठ्याने वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. 'सांगू नकोस'सुद्धा वाचलं. साहेबांचा भाग तिने परत वाचायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे त्याने विचारलं होतं?" मी म्हटलं, "हो, विचारलं होतं." ती म्हणाली, "आणि आपल्याच पोराने नाही म्हणून सांगितलं." शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन घातल्या असत्या. सुनेला म्हणाली, हिला चहा दे. मी प्यायले.

फोटो उतरवला. फ्रेमच्या जागी भिंतीवर चौकोन राहिलाय, स्वच्छ पांढरा. बाया म्हणाल्या, खुर्चीवाली गेली गं, आता कुणाला हसायचं. तुला वाटलं फोटो गेला की माझी लाज जाईल. लाज फोटोत नव्हती, ती अजून इथेच आहे, आणि आता तुझीही त्यात येऊन बसलीय. बहीण-भावाने वाटून घ्यायला दुसरं काही नव्हतं आपल्याकडे, हे मिळालं.

तुझ्या मुलांचं माझ्या डोक्यात नाही असं समजू नकोस. त्या दोघांना मी मांडीवर घेतलंय. नोकरी जाईल की नाही मला माहीत नाही. जाऊ नये असंच वाटतं. गेली तर घर आहे, शेड आहे, ताडपत्री शिवायला पुरुषांनाही बंदी नाही. बोटांना भोकं पडतात, बाकी काही नाही. पण तुझी नोकरी राहावी म्हणून मावशीच्या बापावर बंदर बांधू देऊ, असं काही तू मला लिहायला लावू नकोस. माझ्याकडून एकदा चुकून झालं. दुसऱ्यांदा जाणूनबुजून होणार नाही.

खाली लिहिलेलं म्हाताऱ्या साहेबांना सांग. सगळ्या घरांनी ओसरीवर बसून ठरवलंय, मावशीने एक एक शब्द तपासलाय. त्यात काही घालू नकोस, काढू नकोस. 'कृपया' तर अजिबात नको. तुझा मऊपणा खिशात ठेव.

"साहेब, मी त्या दिवशी उठून तुम्हाला बसवलं आणि पाणी दिलं. पाणी आम्ही दारात आलेल्या कुणालाही देतो. माफी दिलेली नाही. ती माझ्या एकटीची नव्हतीच, त्यामुळे मला देताही आली नसती. मला एक विचारायचं होतं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. प्रश्न असा, की आमची माणसं तुमच्या लोकांनी कुठे पुरली? माहीत असेल तर जागा दाखवा. माहीत नसेल तर तिकडे ज्यांना माहीत असेल त्यांना विचारा. तोवर जुन्या धक्क्यामागची जमीन खणू नका. तुम्ही भागीदार म्हणवता, तर भागीदाराने विचारलंय असं समजा. आम्हाला बंदर नको असं नाही. आमच्या पोरांनाही काम हवंय. पण कशावर उभं राहतोय ते आम्हाला कळलं पाहिजे."

एवढंच.

आपल्याकडचे ते बंदराचे मोठे अधिकारी आरशातून बघतात म्हणतोस, तर त्यांना हे इथे आम्ही स्वतः जाऊन सांगणार आहोत. ते काही तुझ्यावर टाकत नाही. मावशीला रिक्षात बसवून नेणार आहोत. तुझ्या वाटचं फक्त एक माणूस आणि एक प्रश्न आहे, आणि तो माणूस तुला आधीच विचारून चुकलाय. याहून सोपं कुणी तुला काय देणार?

रविवारी तुम्ही निघणार. म्हणजे शनिवारपर्यंत त्यांच्याशी बोलायला तुला वेळ आहे. मला तुझी कारणं नकोत, रडणं नको, 'योग्य वेळ' नको. शनिवारी, १ नोव्हेंबरला, दिवे लागायच्या आत एका ओळीत लिहून पाठव, 'विचारलं' किंवा 'नाही विचारलं'. जे असेल ते खरं लिही. मी मावशीच्या उंबऱ्यावर बसलेली असेन, आणि जे येईल ते तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

ताई